वीर आणि ओढ्याच्या मधून

१

राजानंद दारात आला तेव्हा मी पोहे खात होतो. त्यानं बातमी सांगितली आणि पोहे तसेच गार झाले.

"सर, धाकट्या बोरीचा वीर चोरीला गेला. आन् चोर म्हणून माझं नाव घेऊन राह्यलेत."

राजानंद थोरल्या बोरीच्या शाळेत शिक्षक आहे. कधीकाळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. असा माणूस दगड चोरेल यावर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं, पण विश्वासाला आमच्या घरात फारशी किंमत नाही. आमच्या घरात पुरावा लागतो. माझी बायको सुरेखा अंबडच्या कोर्टात वकील आहे आणि समोरचा माणूस कोणीही असो, ती पहिला प्रश्न एकच विचारते. तोच तिनं स्वयंपाकघरातून बाहेर येत विचारला.

"चोरीला गेला हे डोळ्यांनी बघितलं, की कुणी सांगितलं?"

"डोळ्यांनी बघितलं, मॅडम. सकाळीच गेल्तो. खड्डा हाय फक्त."

वाचकांना बोरी माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून थोडं सांगतो. एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं आहेत, थोरली बोरी आणि धाकटी बोरी. धाकटीच्या काठावर गुडघ्याच्या वर येईल एवढा एक दगड उभा होता. तोच वीर, लढाईत पडलेल्याच्या नावानं उभा केलेला दगड. दोनशे वर्षांपूर्वी असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेतून या दोन्ही गावांची माणसं लढली आणि मेली. शिंदे हरले. कंपनी सरकार जिंकलं आणि निजाम कंपनीचा दोस्त होता. मग तिकडे लांब वऱ्हाडात, सुर्जी-अंजनगावला तह झाला. अंबडकडचा मुलूख निजामाला गेला, पण वतनाची म्हणून काही गावं शिंद्यांनी आपल्याकडे ठेवून घेतली. त्यात धाकटी बोरी शिंद्यांकडे राहिली आणि थोरली निजामाकडे गेली, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. ज्यांनी कागदावर बोटं ठेवली त्यांना हा ओढा ठाऊकही नसेल. पण एका दिवसात थोरलीचे मेलेले लोक त्यांच्याच नव्या राजाचे शत्रू झाले. त्यांच्यासाठी गावात दिवा लावायचीही चोरी झाली.

तेव्हापासून पितृपक्षात शस्त्रानं मेलेल्यांची चतुर्दशी आली, की थोरलीच्या बायका आपल्या काठावर येतात. ओढा ओलांडत नाहीत. पलीकडच्या वीराकडे बघत उभ्या राहतात, दिवा लावतात आणि परत जातात. निजाम गेला, शिंदे गेले, कंपनी गेली. बायका अजून येतात.

"चतुर्दशी उद्याच हाय," राजानंद म्हणाला. "आम्ही बौद्ध. श्राद्ध करत न्हाई. तरी माझी माय गिरिजाबाई काठावर मेणबत्ती लावती. तो कुणाचा, कोणत्या जातीचा, कुणालाच म्हाइत न्हाई. आमचाबी असंल. उद्या ती काय बघणार, मॅडम? रिकामा खड्डा? आन् धाकटीवाले म्हणून राह्यलेत, सकाळपर्यंत दगड न्हाई मिळाला तर माझ्या नावानं फिर्याद. संस्थेची नोकरी हाय माझी. फिर्याद झाली, की घरी बसवतेत."

सुरेखानं डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाली, "अहो, गाडी काढा."

२

खड्ड्याभोवती निम्मी धाकटी बोरी जमली होती. आमची गाडी थांबताच माजी सरपंच साहेबराव पुढे झाले. पांढरी टोपी, मोठा आवाज, आणि निवडणूक हरल्याचं दुःख अजून ताजं.

"या, या. चोरच वकील घेऊन आला."

"चोरी करताना डोळ्यांनी बघितलं का तुम्ही?" सुरेखानं विचारलं.

"बघायला कशाला पाह्यजे? हे बघा पाय."

परवा पाऊस झाल्यामुळे जमीन मऊ होती. खड्डा आणि ओढा यांच्यामध्ये चिखलात बुटाचे ठसे स्वच्छ उमटले होते. राजानंदचे बूट तेच. त्यानं नाकारलंही नाही. काल दिवस मावळायच्या आत तो फोटो काढायला आला होता.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"सर, मागच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. वीर इथून काढून शाळेच्या भिंतीला लागून नव्या चौथऱ्यावर बसवायचं ठरलं. नवरात्रात पुढारी येणार, फीत कापणार. पाटी बी तयार हाय, 'धाकट्या बोरीचा वीर'. मी सभेत उठून म्हणलो, त्याचं तोंड आमच्या गावाकडं हाय. हलवू नका, आन् हलवायचाच असंल तर आमच्याकडं द्या. तर हसली सगळी माणसं."

"हसणारच!" साहेबराव म्हणाले. "शेंदूर कोणत्या अंगाला हाय? आमच्या. दोनशे वर्षं आमच्या बाया त्याच्या तोंडाला शेंदूर लावून राह्यल्या, आन् हे गुरुजी म्हणतेत तोंड तिकडं! त्याला काय दोन तोंडं हायेत का?"

पुन्हा हशा झाला. सुरेखा हसली नाही. ती खाली बसून चिखल बघत होती. खड्ड्याच्या गावाकडच्या बाजूला मातीवर लाल छाप उमटला होता, शेंदराचा. दगड त्या अंगावर आडवा पाडला होता. तिथून हातगाड्याच्या चाकाची चाकोरी निघाली होती आणि तिच्या कडेनं शेंदराच्या जाड खपल्या पडल्या होत्या.

तिनं एक खपली उचलली. वरून खडबडीत, बोटाएवढी जाड. आतून ताटासारखी गुळगुळीत. ती खपली तिनं मुकाट्यानं पर्समध्ये टाकली आणि चाकोरीच्या मागे चालायला लागली. मी तिच्या मागे.

आता एक गोष्ट माझ्यासारख्यालाही दिसली. गाडीरस्ता ओढ्याच्या काठानं जातो. खड्ड्यापासून सपाट जमिनीवरून सरळ गेलं, की रस्ता. चोरानं ते केलं नव्हतं. तो उलटा फिरला होता. चढावर गाडा ओढत नेला, शेताचा धुरा, म्हणजे बांध, फोडला, उभं सोयाबीन तुडवलं आणि मोठा वळसा घालून रस्त्याला लागला होता.

"एवढी मरमर कशाला केली असेल?" मी म्हणालो. "सरळ का गेला नाही?"

"सरळ कसा जाईल?" मागून येणारे साहेबराव पटकन बोलले. "वीर आन् ओढ्याच्या मधून जायचं नसतं."

सुरेखा थांबली. "का?"

"का ते म्हाइत न्हाई. आमच्यात न्हाई जात. ल्हानपणी म्हैस वळवायला गेल्तो त्या मधून, तर आज्यानं पाठ सोलून काढली. न्हाई म्हंजे बिलकुल न्हाई."

"थोरलीची माणसं जातात?"

"ते येतेत वढ्यातूनच वर. त्यांना काय म्हाइत."

सुरेखानं राजानंदच्या बुटांच्या ठशांकडे पाहिलं. मग फोडलेल्या धुऱ्याकडे पाहिलं.

"साहेबराव," ती म्हणाली, "हे तुडवलेलं सोयाबीन कुणाचं?"

"काकासाहेबाचं. आमच्या सरपंचाचं."

३

काकासाहेब आम्हाला त्यांच्या गोठ्याजवळच भेटले. पन्नाशीचे, अंगानं दणकट, दोन दिवसांची दाढी. खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, फक्त आमच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"झालं ते वाईटच झालं, मॅडम. पुढारी येणार. एवढा खर्चा केला चौथऱ्याचा. आता गावाचा राग कुणावर तरी निघणारच."

"फिर्याद तुम्ही देणार?"

"गाव म्हणंल तसं." चहाच्या कपाशी त्यांचा हात उगाच चाळा करत होता. "राजानंद गुरुजी तसा भला माणूस हाय. पण सभेत बोलला ना तो."

"आणि तुमच्या सोयाबीनचं फार नुकसान झालं हो," सुरेखा म्हणाली.

"व्हय. होतं तसं."

बस, एवढंच. मी शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो आहे. काढणीला आलेलं सोयाबीन कोणी तुडवलं, तर माणूस आधी सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि मग पाणी पितो. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची एक शेळी शेतात शिरली म्हणून हेच काकासाहेब अंबडच्या कोर्टापर्यंत आले होते. सुरेखानंच ते भांडण समजूत घालून मिटवलं होतं. आज मात्र त्यांना शिवी सुचेना.

गोठ्याच्या सावलीत, कडब्याच्या गंजीला टेकून एक म्हातारी बाजेवर बसली होती. गोजरबाई, काकासाहेबांच्या आई. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, कपाळ मोकळं, हात मांडीवर.

"आईला घरात सोडून इथं का बसवलं?" सुरेखानं विचारलं.

"तिलाच इथं बरं वाटतं," काकासाहेब घाईनं म्हणाले.

सुरेखा बाजेवर जाऊन बसली. "आजी, माहेर कुठलं?"

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "थोरलीचं, माय. वढ्याच्या पल्याडचं. दोन्ही गावात सोयरीक व्हत न्हाई ना. राज येगळं पडलं व्हतं म्हणून जुन्या लोकांनी बंद केली, ती बंदच. माझी तेवढी झाली. मालक हट्टाला पेटले व्हते." ती हसली. "लगीन झालं आन् वढा वलांडला. माहेर हाकंच्या अंतरावर, पर पुन्यांदा त्या काठावर उभी न्हाई राह्यले. इकडची झाले ना."

"वीर गेला, ऐकलंत?"

"ऐकलं."

वीर गेला म्हणताना ती रडली नाही, की हळहळली नाही. सुरेखानं तिचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला, थोपटला आणि मला दिसेल असा उलटा केला. विधवा बाईच्या पाची बोटांची टोकं लाल होती. शेंदरानं.

४

"काकासाहेब," सुरेखा उठत म्हणाली, "मी कोर्टात उभी राहिले असते तर काय बोलले असते, ते इथंच बोलते. पटलं नाही तर फिर्याद द्या."

काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"राजानंदचे पाय वीर आणि ओढ्याच्या मधे आहेत. त्याला तो नियम माहीतच नाही. त्यानं दगड नेला असता तर सपाट काठानं नेला असता, नाही तर सरळ ओढ्यात उतरवला असता. ज्यानं नेला त्यानं कुणी बघत नसतानाही त्या मधून पाऊल टाकलं नाही. चढ चढला, धुरा फोडला, पण वळसा घातला. हे पाय धाकटीचे आहेत. लहानपणापासून वळण लागलेले."

"धाकटीत घरं लई हायेत," काकासाहेब म्हणाले.

"आहेत ना. म्हणून दुसरी गोष्ट. धाकटीचं माणूस शेंदराच्या बाजूला वीराचं तोंड मानतं. तोंड मानतं ती बाजू कोणी चिखलात पालथी घालेल? गाड्यात तोंडावर टाकून नेईल? देव पालथा घालायला हात धजत नाही हो कुणाचा. पण यानं बेलाशक घातला. दुसरी बाजू तेवढी जपली." तिनं पर्समधून खपली काढून त्यांच्यापुढे धरली. "ही आतून बघा. गुळगुळीत. खाली काही कोरलेलं असतं तर त्याचा ठसा इथं उठला असता. नाक नाही, डोळा नाही, घोडा नाही. तुमच्या बायकांनी दोनशे वर्षं वीराच्या पाठीला शेंदूर लावला. ज्यानं नेला त्याला हे माहीत होतं. पाय धाकटीचे आणि माहिती थोरलीची. असा माणूस या गावात कोण असेल? सोयरीक तर एकच झाली."

सुरेखानं खपली त्यांच्या हातात ठेवली.

"तुडवलेल्या सोयाबीनबद्दल तुम्ही कुणाला शिवी दिली नाहीत, काकासाहेब. स्वतःला कोण देतं?"

मला वाटलं, माणूस आता भडकेल. काकासाहेबांनी उपरणं तोंडाला लावलं आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. बाजेवरून गोजरबाईंचा आवाज आला.

"काका, दाखव त्यांना. कडबा काढ."

५

कडब्याच्या गंजीत, म्हातारीच्या पाठीला लागूनच, घोंगडीत गुंडाळलेला वीर होता. तेलाचा वास आला. काकासाहेबांनी घोंगडी बाजूला केली.

"सभा झाली त्या दिवशी घरी आलो," ते म्हणाले. "आई जेवंना. म्हणली, भिंतीला लागून बसवाल तर त्याचं तोंड भिंतीला लागंल रे. तो दोनशे वर्षं त्याच्या गावाकडं बघून राह्यला, आन् तुमी त्याला भिंत दाखवणार. तवा मला पह्यल्यांदा कळलं, आपण मधून का जात न्हाई ते. त्याच्या आन् त्याच्या गावाच्या मधी यायचं नसतं. जुन्यांनी नियम ठेवला आन् कारण इसरून गेले."

"मग सभा पुन्हा बोलावायची," मी म्हणालो.

"कोणत्या तोंडानं, गुरुजी? राजानंद हेच म्हणला व्हता आन् मी सगळ्यात मोठ्यानं हसलो व्हतो. पाटी छापली. पुढाऱ्याला शब्द दिला. तोंड थोरलीकडं हाय म्हणलं तर वीर त्यांचा झाला, मंग गाव मला सोडतंय का? म्हणलं, लपवू. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मंग सापडला म्हणू. राजानंदवर आळ येईल हे डोक्यात न्हाई आलं. आला तवा गप राह्यलो. ते चुकलंच."

"चुकलं नाही, गुन्हा झाला," सुरेखा म्हणाली. पण आवाजात कोर्ट नव्हतं.

"आन् आईची एक इच्छा व्हती." काकासाहेबांनी आवाज खाली आणला. "ल्हानपणी त्या काठावरनं तिनं त्याला बघितलेलं. घोड्यावर बसलाय, मिशी हाय, हातात भाला. सासरी आली आन् पाठच वाट्याला आली. साठ-पासष्ट वर्षं पाठीला तेल लावलं. म्हणली, मरायच्या आत एकदा तोंडावरून हात फिरवू दे."

आम्ही वीराचं तोंड बघितलं. त्या बाजूला कधी शेंदूर लागला नाही, तेल लागलं नाही, कोणाचा हात लागला नाही. दोनशे पावसाळे मात्र लागले. घोडा नव्हता, भाला नव्हता, मिशी नव्हती. दगड तळव्यासारखा सपाट होता.

काकासाहेबांनी आमच्याकडे हात जोडले, आईला ऐकू जाणार नाही असे ओठ हलवले. "तिला दिसत न्हाई. मी म्हणलो, सगळं हाय."

गोजरबाईंनी पुढे वाकून दगडावर हात ठेवला. बोटं हळूहळू वरून खाली आली, मधे थांबली, पुन्हा वर गेली. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मला माझी आई आठवली, आणि मी उगाच बैलाकडे बघत राहिलो.

६

चतुर्दशीच्या सकाळी वीर आपल्या खड्ड्यात उभा होता, होता तसाच, ओढ्याकडे तोंड करून. काकासाहेबांनी सगळ्या गावासमोर राजानंदचे हात धरले आणि काय झालं ते सांगितलं. साहेबरावांना सरपंचाची फजिती बघायला मिळाली, पण चोर आपल्याच गावचा निघाला म्हणून ती धड चाखताही आली नाही. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आमी पाठीला..." आणि टोपी काढून डोकं खाजवत बसले. पुढाऱ्याचा चौथरा रिकामा राहणार होता. त्याच्यावर तुळस लावायचं ठरलं.

मग काकासाहेबांनी आईला उचलून आमच्या गाडीत बसवलं आणि पुलावरून आम्ही तिला थोरलीच्या काठावर आणलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती तिथं बायकांमध्ये बसली. गिरिजाबाईंनी तिला ओळखलं. "गोजर, तू व्हय!" म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणी दिवे लावले, गिरिजाबाईंनी मेणबत्ती लावली. वारा होता, म्हणून गोजरबाईंनी ज्योतीला आपल्या तळव्याचा आडोसा केला.

काकासाहेब पुलापाशी उभे होते. ते लांब आहेत ना, हे विचारून म्हातारीनं सुरेखाला जवळ ओढलं.

"कोऱ्या दगडावरून हात फिरला तर कळत न्हाई व्हय मला? पोराला वाटून राह्यलं, आईला काही कळलं न्हाई. वाटू दे. त्यानं लई सोसलं माझ्यापायी."

"पण आजी, लहानपणी तर दिसायचा ना?" मी विचारलं.

"तवाबी दिसत नव्हता, गुरुजी." ती अगदी सहज म्हणाली. "काळा दगड तेवढा दिसायचा. आई म्हणायची, बघ गोजर, घोडा बघ, मिशी बघ, आपल्याकडंच बघून राह्यला. मी म्हणायची, दिसला. तिच्या आईनं तिला तसंच दाखवलं व्हतं. दिसला म्हणलं की आईला बरं वाटायचं. मला आईसारखं कुणी दाखवणारं राह्यलं न्हाई, म्हणून हात लावून बघावं वाटलं."

कुठल्या तरी तंबूत तीन सरकारांनी मिळून रेघ ओढली, आणि तिच्या एका बाजूला आया आपल्या लेकींना न दिसणारा माणूस दाखवत राहिल्या. मी वर्षानुवर्षं या तहाची कलमं मुलांकडून पाठ करून घेतली. हे कलम त्यात नव्हतं.

गोजरबाईंनी पांढरे डोळे पलीकडच्या काठाकडे वळवले.

"बाई, तू बघ ना. दिसतो का?"

ऊन वर आलं होतं. पलीकडे गवतात एक काळा दगड होता, दुसरं काही नव्हतं. सुरेखानं कपाळावर हात आडवा धरून पुष्कळ वेळ बघितलं.

"दिसतो, आजी."

"घोडा?"

"घोडा आहे. मिशी आहे. भालासुद्धा आहे हातात."

"कुणी सांगितलं म्हणून न्हाई ना म्हणत? डोळ्यांनी बघितलं?"

"डोळ्यांनी बघितलं," माझी बायको म्हणाली.